दर्या, दऱ्या

मरीना डेल रे. हॉटेलचा तिसरा मजला, खोलीचं नाव 'पेलिकन'.
आम्ही अकरा जण आणि कॉफीचा एक थर्मास,
सकाळी आठलाच कोमट.
आम्हाला अधिकार नाहीत, हे पहिल्याच पानावर छापलंय.
आम्ही सल्ला देतो.
ठरवणारे निराळे, ते निराळ्या महिन्यात बसतात,
बहुधा बऱ्या कॉफीसोबत.

प्रश्न एवढाच:
जगभरच्या पत्त्यांत शेवटच्या टिंबानंतर
देवनागरीतलं कुठलं अक्षर चालेल, कुठलं नाही.
क चालेल. ख चालेल.
ळ वर कुणी हरकत घेत नाही,
आणि मला उगाच माहेरचं कुणी नोकरीला लागल्यासारखं वाटतं.

मग हा.
गिडियन ट्राउट पडद्यावर तो मोठा करतो, आणखी मोठा करतो,
चष्मा कपाळावर सरकवतो. "र तर झाला ना मघाशी?"

मी फळ्यावर लिहिते: दर्या. खाली लिहिते: दऱ्या.
एक म्हणजे हे खिडकीबाहेरचं पाणी.
दुसऱ्या म्हणजे डोंगराडोंगरांमधल्या पोकळ्या.
डोक्यावरचा र खाली उतरून
कुशीवर निजतो, तेवढाच फरक.
बिष्णुमाया थुलुङ मान डोलावते.
नेपाळीत 'केलं' म्हणायला हाच र लागतो, म्हणते,
तो काढलात तर आमच्याकडे कुणी काही केलेलंच नसेल.
हसतात तिघं जण.

लॉरेटा किंब्रो हसत नाही. ती अध्यक्ष, अलाबामाची.
तिच्या वडिलांनी एक्याऐंशीव्या वर्षी
बँकेचा पत्ता समजून एका ओळीवर बोट दाबलं.
त्यातलं एक अक्षर दुसऱ्या लिपीतलं होतं, दिसायला जुळं.
एक्केचाळीस हजार डॉलर.
"अक्षर खोटं नव्हतं," ती म्हणते,
"फक्त आमचं नव्हतं."

थर्मासला कुणी हात लावत नाही.
माझ्यापाशी ह्याला उत्तर नाही.
माझ्यापाशी एक आडनाव आहे, बऱ्हाटे.
गळ्यातल्या इंग्रजी बिल्ल्यावरून इथे सगळे त्याचं 'बारहाते' करतात:
बारा हातांची बाई,
आणि ठरावावर सही करायला त्यातला एकही चालत नाही.

दुपारी धक्क्यावर सँडविच खाताना
होड्यांच्या पाठीवरची नावं वाचत बसलो, मी आणि लॉरेटा.
तिला सांगितलं, आमच्यात ते नाव आणि ती नाव,
लिहायला एक, बोलायलाही एक.
"गोंधळ होत नाही?"
नाही. वाक्य असतं ना पुढेमागे, ते हात धरून नेतं.
तिनं बराच वेळ एक शीड उतरताना पाहिलं.
"पत्त्याला वाक्य नसतं," म्हणाली.
"तो एकटाच असतो."

हे मला सुचायला हवं होतं.

चार वाजता तोडगा निघाला.
ऱ चालेल, पण पाय मोडलेला,
आणि पुढे य किंवा ह असेल तरच.
लहानपणी मला सांगायचे तसंच:
दिवेलागणीनंतर एकटी जाऊ नकोस,
कुणाला तरी सोबत घे.
तेव्हा मी पाय आपटले होते.
आज ते कलम मीच लिहिलं,
बाराव्या हातानं. सोपं लिहिलं, कुणाला मुद्दाम उलटं वाचता येऊ नये असं.

मार्चमध्ये इतिवृत्त आलं. अठ्ठावन्न पानं.
एकोणिसाव्या पानावर:
'सदस्य बारहाते ह्यांनी दोन शब्दांमधला फरक स्पष्ट केला:
दर्या आणि दर्या.'

मी दुरुस्ती कळवली.
दुरुस्तीची नोंद घेतल्याचं त्यांनी कळवलं.